पोर मैदानावर चमकले, अकादमीत घालावे काय?

एके काळी आपल्या वस्त्यांतून खेळ म्हटला की कबड्डी, खो-खो आणि टेनिसच्या चेंडूचे क्रिकेट एवढेच असे. फुटबॉल हा कोल्हापूरच्या पेठांचा, नाहीतर मुंबईतल्या इंग्रजी शाळांचा, अशी आपली समजूत होती. २०१४ पासून इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएल टीव्हीवर दिसू लागली. २०१७ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात भरला आणि त्याचे काही सामने नवी मुंबईत नेरूळला झाले. २०२२ मध्ये मुलींचाही विश्वचषक झाला. त्याच वर्षी नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ आला आणि नागपूरच्या झोपडपट्टीत विजय बारसे यांनी मुलांच्या पायात चेंडू दिला तर काय घडले, हे घरोघरी कळले. आज वस्तीतल्या पोरांच्या अंगावर मेस्सी-रोनाल्डोचे शर्ट दिसतात, आणि नाक्यावर ‘फुटबॉल अकादमी, प्रवेश सुरू’ असे फलकही दिसतात.

त्यामुळे एक नवाच प्रश्न आपल्या घरांत शिरला आहे. पोरगा चांगला खेळतो. कोणी प्रशिक्षक येऊन सांगतो, “याच्यात दम आहे, याला वरच्या अकादमीत घाला.” आई-बाप हरखून जातात आणि तितकेच घाबरतातही. खेळाडू असलेल्या घराला अशा वेळी विचारायला काका-मामा असतात. आपल्या घरात पोराचा बाप बहुधा पहिलाच असतो, ज्याच्यापुढे असला कागद सहीसाठी आला आहे. तेव्हा सही करण्यापूर्वी काय पाहावे, याचा थोडा विचार आज करू.

तीन प्रकारच्या अकादम्या

अकादमी हा शब्द एकच असला तरी त्यामागे तीन निरनिराळ्या व्यवस्था आहेत. पहिली शासनाची. महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून क्रीडा प्रबोधिनी सुरू केल्या. लहान वयाच्या मुलामुलींची उंची, उडी, धाव, लवचिकता, मेडिसिन बॉल फेक अशा चाचण्या घेऊन निवड होते. राहणे, खाणे, शिक्षण, प्रशिक्षण हा खर्च शासन उचलते. कोल्हापूरचा अनिकेत जाधव हा रिक्षाचालकाचा मुलगा. तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला, २०१७ च्या त्या विश्वचषकात भारताकडून खेळला आणि नंतर आयएसएलमध्येही दिसला.

दुसरी व्यवस्था उद्योगसमूहांची व क्लबांची. जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी १९८७ पासूनची. नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनची निवासी अकादमी २०१५ मध्ये सुरू झाली. तेथे निवडलेल्या मुलाला शिष्यवृत्ती मिळते, शाळा शिकवली जाते. जागा मात्र अगदी थोड्या आणि चाचणीला मुले देशभरातून येतात.

तिसरी व्यवस्था फी घेऊन चालणाऱ्या खाजगी अकादम्यांची, आणि फलक लागतात ते बहुतेक यांचेच. कधी परदेशी क्लबाचे नाव, कधी परदेशी प्रशिक्षकाचा फोटो. यांतही मनापासून शिकवणारे लोक आहेत, गरीब मुलाला फी माफ करणारेही आहेत. परंतु पालकाने एक साधी कसोटी लावावी. पैसा कोण कोणाला देतो? पहिल्या दोन ठिकाणी निवड झाली म्हणजे संस्था आपल्या मुलावर खर्च करायला तयार झाली. तिसऱ्या ठिकाणी तुमचा मुलगा निवडला गेला आणि पुढच्याच ओळीत फीचा आकडा आला, तर ती निवड आहे की दुकानदाराचे बोलावणे, हे पाहिले पाहिजे. चाचणीला किती मुले आली व त्यांतली किती घेतली नाहीत, हे विचारा. कोणालाच नाकारले नसेल तर ‘निवड’ या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

किती जण पोहोचतात?

ज्या इंग्लंडकडे पाहून आपल्याकडच्या अकादम्यांची जाहिरात होते, तिथलाच हिशेब पाहा. पत्रकार मायकेल कॅल्विन यांनी २०१७ साली आपल्या पुस्तकात तो मांडला आहे. तिकडे संघटित फुटबॉल खेळणाऱ्या सुमारे १५ लाख मुलांपैकी प्रीमियर लीगपर्यंत पोहोचणारे जेमतेम १८०. म्हणजे आठ हजारांत एक. क्लबांच्या अकादमीत नऊ वर्षांखालील गटापासून मुले घेतात आणि नंतर हंगामा-हंगामाला त्यांतली वगळत जातात.

आपल्याकडे तर वरचा मजलाच डळमळीत. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. ज्यांच्या अकादमीचे नाव देशभर होते तो पुणे एफसी गेला. पुण्याचाच डीएसके शिवाजीयन्स गेला. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी संपला. क्लब बुडाला की त्याच्या आधारावर घर सोडून आलेली पोरे रस्त्यावर येतात. २०२५ च्या जुलैत आयएसएलचा पुढचा हंगामच कराराच्या वादात स्थगित झाला आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. हे पगार देशातल्या सर्वांत वरच्या खेळाडूंचे होते, हे ध्यानात घ्या.

हे सांगतो ते पोरांचे पाय बांधण्यासाठी नव्हे. सांगण्याचा मतलब एवढाच की ‘माझा मुलगा मोठा खेळाडू होईल काय?’ या प्रश्नाचे उत्तर प्रशिक्षकालाही ठाऊक नसते. त्यावर निर्णय बेतता येत नाही. बेतता येतो तो दुसऱ्या प्रश्नावर. पंधराव्या किंवा सतराव्या वर्षी “उद्यापासून येऊ नकोस” असे सांगून त्याला घरी पाठवले, तर त्या दिवशी त्याच्या हातात काय असेल? दहावी-बारावीचा निकाल असेल काय? धड शरीर असेल काय? नोकरीत चालेल असे प्रमाणपत्र असेल काय? आणि घर कर्जात तर बुडालेले नसेल ना? ज्या अकादमीत या प्रश्नांची उत्तरे नीट मिळतात, तिला होकार द्यायला हरकत नाही. जिथे मिळत नाहीत, तिथे मेस्सी शिकवायला येणार असला तरी नको म्हणावे.

हिशेबाची वही

फीचा आकडा हा खर्चाचा एक भाग असतो. उदाहरणादाखल हिशेब मांडून पाहू. समजा महिन्याची फी ४,००० रुपये. वर्षाचे ४८,००० झाले. जाण्यायेण्याचे महिना ८०० धरले तर वर्षाचे ९,६००. खेळणाऱ्या पोराला अंडी, दूध, केळी, कडधान्य जादा लागते. त्याचे महिना २,००० म्हणजे वर्षाचे २४,०००. बुटांचे दोन जोड ५,०००, गणवेश ३,०००, बाहेरगावच्या दोन स्पर्धा १६,०००. बेरीज १,०५,६००. पाच वर्षांचे, एक पैसाही न वाढवता, ५,२८,०००. यात पोराला पोहोचवण्यासाठी बुडालेली आईची कामे आणि बापाचा ओव्हरटाइम धरलेला नाही. प्रत्येकाने आपापले खरे आकडे घालून ही बेरीज करावी, आणि ती नवरा-बायकोने एकत्र बसून करावी.

आमच्या कार्यालयातील एका शिपाई बंधूंच्या घरी असाच प्रसंग आला. मुलगा बारा वर्षांचा, डाव्या पायाचा झकास खेळाडू. खाजगी अकादमीचे बोलावणे आले. त्याच वर्षी थोरली मुलगी बारावी पास झाली होती व तिला नर्सिंगला जायचे होते. बंधू सोसायटीचे कर्ज काढायच्या बेतात होते. त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, “भाऊ, पोराचं मन मोडवत नाही माझ्याच्यानं. पण पोरीनं अजून तोंडातून शब्द काढला नाही, ती नुसती भांडी घासत बसलीय. तिचं कोण बोलणार?”

त्या माऊलीचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. मुलग्याच्या स्वप्नाचा खर्च बहुतेक वेळा मुलीच्या शिक्षणातून वळता होतो, आणि तो कुठल्याच वहीत लिहिला जात नाही. त्या घरी शेवटी ठरले की कर्ज काढायचे नाही. मुलगी नर्सिंगला गेली. मुलगा शाळेच्या संघात राहिला आणि सकाळी मैदानावर एका जुन्या खेळाडूकडे सराव करू लागला. पुढे प्रबोधिनीच्या चाचणीला बसवायचे, असे त्याच्याशी बोलून ठरवले. तो महिनाभर धुसफुसत होता, बापाशी बोलत नव्हता, हेही खरे. हा निर्णय सर्वांनी असाच घ्यावा असे माझे म्हणणे नाही. पण एका लेकराची फी दुसऱ्या लेकराच्या ताटातून काढायची नाही, एवढे तरी प्रत्येक घराने ठरवावे.

आणि खेळणारी मुलगी असेल तर? तर तिलाही हेच सारे माप लावावे, कमी नको. २०२२ च्या विश्वचषकात भारताची कर्णधार होती झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली अष्टम उरांव, मजुरी करणाऱ्या आदिवासी घरातली पोर. २०२५ च्या जुलैत भारतीय महिला संघाने थायलंडला २-१ असे हरवून आशिया चषकाची पात्रता मिळवली. ते दोन्ही गोल करणारी संगीता बासफोर सशस्त्र सीमा बलाच्या संघातून खेळलेली.

शाळा सुटता कामा नये

मुंबईत कुलाब्याच्या आंबेडकर नगरात अशोक राठोड यांनी २००६ मध्ये ऑस्कर फाउंडेशन सुरू केले. त्यांचा नियम सरळ आहे, शाळा नाही तर फुटबॉल नाही. हा नियम प्रत्येक पालकाने आपल्या घरात लावावा आणि अकादमीलाही विचारावा. मुले कोणत्या शाळेत जातात? मंडळ कोणते? माध्यम कोणते? काही ठिकाणी सराव व स्पर्धांमुळे मुलांना मुक्त विद्यालयात घालतात. ते प्रमाणपत्र वैध असते, परंतु शिकवायला कोणी बसते का, की नुसता परीक्षेचा अर्ज भरतात, हे पाहा. गेल्या वर्षी दहावीला किती मुले बसली व किती पास झाली, हे विचारायला लाजू नका. पोर मराठी शाळेतून एकदम इंग्रजी माध्यमात टाकले जाणार असेल तर मैदानावर जिंकून वर्गात हरण्याची वेळ येते. शाळा तुटली की आपल्या मुलांसाठी असलेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीही हातची जाते, हेही विसरू नका.

शरीर आणि मन

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये सल्ला दिला की एकाच खेळाला वाहून घेणे शक्यतो पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवावे, आठवड्यातून निदान एक दिवस व वर्षातून एकूण तीन महिने त्या खेळाला सुट्टी असावी. दहा-अकरा वर्षांच्या पोराला रोज दोन वेळा पळवणारी अकादमी त्याला घडवत नाही, झिजवते. उंची वाढण्याच्या वयात गुडघ्याखालचे हाड दुखणे, टाच दुखणे हे पुष्कळ मुलांना होते. त्याला विश्रांती लागते, “मर्द बन” हा उपाय नव्हे.

हृदयाची तपासणीही करून घ्यावी. २०१७ च्या संघातील अन्वर अली याच्या हृदयाचा विकार २०१९ मध्ये वैद्यकीय तपासणीत उघड झाला आणि त्याचा खेळ थांबला. पुढे न्यायालय, डॉक्टर असे सारे करून तो परत मैदानात आला. ज्या अकादमीत प्रवेशाच्या वेळी डॉक्टर तपासत नाही, विमा नाही, मैदानावर प्रथमोपचाराची पेटी नाही, तिथे पोर ठेवू नये.

निवासी अकादमी असेल तर स्वतः जाऊन वसतिगृह पाहा. खोलीत किती मुले झोपतात, रात्री जबाबदार माणूस कोण, फोन कधी करता येतो, तक्रार कोणाकडे करायची? मुलांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१२ चा पोक्सो कायदा आहे. संस्थेत त्याची माहिती मुलांना देतात काय, हे विचारा. आडनावावरून, भाषेवरून, डब्यातल्या भाजीवरून टोमणे मारणारे लोक वसतिगृहात नसतील असे समजू नये. पोराला आधीच सांगून ठेवा की असे झाले तर लपवायचे नाही, घरी सांगायचे, आणि त्यामुळे खेळ सुटला तरी आई-बाप रागावणार नाहीत.

न निवडला गेला तर

पोराची निवड झाली नाही तर घरात सुतक पाळू नये. वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेले मूल डिसेंबरात जन्मलेल्यापेक्षा जवळपास वर्षाने मोठे असूनही एकाच गटात खेळते. बारा वर्षांच्या वयात तेवढ्याने उंचीत व ताकदीत मोठा फरक पडतो. अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसले आहे की निवडलेल्यांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुले जास्त असतात. तेव्हा मागे पडलेले पोर कमी दर्जाचे असते असे नाही, नुसते लहान असते. जॅक्सन सिंगला आधी सतरा वर्षांखालील भारतीय संघात घेतले नव्हते. पुढे घेतले आणि २०१७ च्या विश्वचषकात भारताचा एकमेव गोल त्याच्याच डोक्याने झाला.

मात्र यावरून जन्मतारीख ‘बदलून’ देणाऱ्याच्या नादी कोणी लागू नये. मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय तपासतात. खोटे उघडकीस आले की पोरावर बंदी येते व कलंक लागतो तो त्याच्या नावाला. जन्मदाखला, शाळेचा दाखला व आधार यांवर एकच तारीख हवी.

परदेशाचे गाजर

“तीन लाख भरा, पोराला स्पेनमध्ये चाचणीला नेतो, क्लब लगेच करार करील,” असे सांगणारेही भेटतात. फिफाचा नियम आहे की अठरा वर्षांखालील खेळाडूचे दुसऱ्या देशात हस्तांतर होत नाही. जे थोडे अपवाद आहेत ते भारतातून एकट्या पाठवलेल्या चौदा वर्षांच्या पोराला सहसा लागू पडत नाहीत. अठराखालच्या मुलाशी तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा व्यावसायिक करारही करता येत नाही. २०२३ च्या जूनमध्ये पोर्तुगालमधल्या एका खाजगी अकादमीवर छापा पडला, तेव्हा दूरदेशांतून स्वप्न दाखवून आणलेली कितीतरी अल्पवयीन मुले तेथे सापडली. तेव्हा असा माणूस दारी आला की त्याला चहा पाजावा आणि वाटेला लावावे.

कागद जपून ठेवा

आमच्यासारख्या कारकुनाला कागदाची किंमत कळते, म्हणून हे विशेष सांगतो. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. रेल्वे, पोलीस, निमलष्करी दले यांतही खेळाडूंची भरती होते. थ्रिसूरच्या मैदानाबाहेर सोडा विकणारा आय. एम. विजयन केरळ पोलिसांच्या संघात घेतला गेला, भारताचा कर्णधार झाला आणि २०२५ मध्ये पद्मश्री मिळवून त्याच पोलीस दलातून निवृत्त झाला. त्याच्या घरी अकादमीची फी भरण्याचा प्रश्नच नव्हता. खेळाने त्याला नाव दिले, आणि नोकरीने घर दिले.

पण नोकरीसाठी प्रमाणपत्र कुठल्याही स्पर्धेचे चालत नाही. मान्यताप्राप्त संघटनेची किंवा शासनाच्या शालेय क्रीडा विभागाची ठरावीक पातळीची स्पर्धा लागते, आणि क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयाकडून पडताळणी होते. खाजगी अकादमीने आपल्याच मैदानावर भरवलेल्या ‘राष्ट्रीय’ चषकाचा चकचकीत कागद तेथे कामाचा नाही. म्हणून अकादमीला विचारा, तुमचे संघ जिल्हा संघटनेच्या, राज्याच्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या स्पर्धांत उतरतात काय? अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची मान्यता आहे काय? पोराची नोंदणी महासंघाकडे केली जाईल काय? आणि त्याला दुसरीकडे जायचे झाले तर सोडपत्र मिळेल काय? उत्तर तोंडी नको, लेखी हवे. मिळालेले प्रत्येक प्रमाणपत्र त्याच दिवशी फायलीत लावा.

हे सारे झाल्यावर शेवटी पोराला विचारा. बापाला टीव्हीवर पोर दिसावे असे वाटते, प्रशिक्षकाला संघ जिंकावा असे वाटते. पोराला काय वाटते, हे निवांतपणी, मैदानावरून आल्यावर नव्हे तर सुट्टीच्या दिवशी विचारावे. पाऊस असताना, अंग दुखत असताना, सामन्यात बाहेर बसवले असतानाही त्याला दुसऱ्या दिवशी जावेसे वाटते का? वाटत असेल तर एक वर्षाचा करार घराघरातच करावा. वर्षभर जायचे, शाळेचे गुण अमुक खाली येऊ द्यायचे नाहीत, आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा सगळ्यांनी बसून ठरवायचे. त्या बैठकीत बहिणीलाही बोलू द्यावे. आणि पोराने “आता नको” म्हटले तर झालेला खर्च त्याच्या तोंडावर मारू नये.